पुनर्नियुक्त आहात का?

मागच्या वर्षीचा नोव्हेंबर, म्हणजे 2024 चा. पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायची माझी पहिलीच वेळ. बँकेत जाऊन रांगेत उभं राहायचं की घरबसल्या मोबाइलवर चेहरा दाखवायचा, यावर आमच्याकडे दोन दिवस चर्चा झाली. शेवटी वरच्या खोलीतल्या मुलाला हाक मारली. मूळचा बार्शीकडचा, तीन वर्षांपासून आमच्याकडे राहतो आणि सदाशिव पेठेतल्या इतर हजारो मुलांसारखाच अभ्यासिकेत दिवस काढतो. त्यानं पटापट अ‍ॅप उतरवलं, आधार घातलं, पीपीओ नंबर, म्हणजे पेन्शनच्या आदेशाचा क्रमांक, घातला आणि मध्येच थांबला.

"काकू, विचारतंय की पुनर्नियुक्त आहात का. काय टाकू?"

मी तेव्हा कॅम्पातल्या ऑफिसमधून नुकतीच घरी आले होते. डबा अजून पिशवीतच होता.

"नाही टाक."

"पण तुम्ही तर रोज..."

"नाही टाक म्हणते ना. पुढे काय आहे?"

"पुनर्विवाह केला आहे का."

आमचे हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "तिथे हो टाक. निदान मी तरी सुटेन."

दोन्हीकडे 'नाही' गेलं, चेहरा हिरव्या गोलात बसला आणि मी जिवंत असल्याचं सरकारदरबारी सिद्ध झालं. पण पोराच्या तोंडावरचा प्रश्न काही गेला नाही. रोज सकाळी साडेआठला बाहेर पडणारी आणि संध्याकाळी साडेसहाला दमून येणारी बाई 'पुनर्नियुक्त नाही' हे त्याला पटेना. पटणार कसं? मी अडतीस वर्षं लेखा शाखेत काढली, त्यातली निम्मी इतरांची पेन्शन बांधण्यात गेली, तरी स्वतःवर वेळ आली तेव्हा मलाही आदेश दोनदा वाचावा लागला.

माझी जन्मतारीख 1 जून 1964. आमच्या पिढीत निम्मं गाव 1 जूनला जन्मलेलं असायचं, कारण हेडमास्तरांच्या सोयीचा तो दिवस. पुढे त्याचा परिणाम असा की महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे 31 मे ला प्रत्येक सरकारी ऑफिसात नारळांचा ढीग लागतो. मी 31 मे 2024 ला सहायक लेखाधिकारी म्हणून बाहेर पडले. केंद्र सरकारचं खातं, म्हणून साठाव्या वर्षी. माझी धाकटी जाऊ राज्य सरकारात आहे, तिला 58 लाच नारळ मिळणार. त्यावरून ती अजून कुरकुरते.

आकडे लपवण्यासारखं काही नाही, सगळे पे-मॅट्रिक्समध्ये, म्हणजे सरकारी वेतनाच्या तक्त्यात, छापलेले आहेत. शेवटचं मूळ वेतन 70,000. पेन्शन त्याच्या निम्मी, 35,000. त्यातला चाळीस टक्के भाग, म्हणजे 14,000, मी कम्युट केला. कागदावर त्याला अंशराशीकरण म्हणतात, बोलताना कुणीच म्हणत नाही. माझ्या वयाला गुणक 8.194, म्हणून 14,000 गुणिले 12 गुणिले 8.194, एकूण 13,76,592 रुपये एकरकमी हातात आले. बदल्यात पंधरा वर्षं दरमहा 14,000 कापले जाणार. आता हा गुणाकार करू नये, पण मी केला: पंधरा वर्षांत 25,20,000 होतात. ही कपात बारा वर्षांवर आणा अशी संघटनांची जुनी मागणी आहे. मी नोकरीत असताना ती मागणी कुणी बोलून दाखवली की मी व्याजाचा हिशेब सांगायचे. आता मागणीच्या बाजूनं आहे. माणूस काउंटरच्या कुठल्या बाजूला बसलाय यावर बरंच अवलंबून असतं.

ग्रॅच्युइटीचे 17,32,500 मिळाले, महागाई भत्ता पन्नास टक्के होता तेव्हाचा हिशेब. शिल्लक तीनशे दिवसांच्या रजेचे साडेदहा लाख. आणि 78,000 भरून सीजीएचएसचं, म्हणजे केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचं, कार्ड आयुष्यभरासाठी करून घेतलं. हे सगळं एकदाच मिळतं. पुन्हा कामावर गेलात तरी यातलं काहीही दुसऱ्यांदा मिळत नाही.

जून ते सप्टेंबर मी घरी होते. पहिले पंधरा दिवस झोप, मग माळे साफ, मग भिशी, मग ह्यांच्या चहाच्या कपाला कान कसा नाही यावर वाद. ऑगस्टमध्ये जुन्या ऑफिसातून फोन आला. पेन्शन सुधारणेच्या जुन्या केसेस साचल्यात, सर्व्हिस बुकं, म्हणजे नोकरीच्या नोंदवह्या, उघडून वाचता येणारं माणूस उरलेलं नाही, कंत्राटी सल्लागार म्हणून जाहिरात काढतोय, अर्ज करा. 'सल्लागार' हा शब्द ऐकून मला हसू आलं. अडतीस वर्षांत माझा सल्ला कुणी विचारला नव्हता.

तर मुद्दा असा, की निवृत्त माणूस सरकारात परत जाऊ शकतो तो दोन दारांनी, आणि दोन्ही दारांवर पेन्शनचं वेगवेगळं होतं.

पहिलं दार खऱ्या पुनर्नियुक्तीचं. तुम्ही एखाद्या मंजूर पदावर पुन्हा सरकारी नोकर होता. त्याचे मूळ आदेश 1986 चे. मी नोकरीला लागले तेही 1986, त्यामुळे हे आदेश मला माझ्या जुळ्या भावंडासारखे वाटतात. त्यातलं सूत्र साधं आहे: नव्या जागेवरचा पगार आणि पेन्शन मिळून शेवटच्या पगाराच्या वर जाता कामा नये. वर जात असेल तर पगारातून पेन्शन वजा. शिवाय पुनर्नियुक्तीच्या काळात पेन्शनवरची महागाई सहसा बंद होते, कारण पगारावर ती मिळतच असते. मूळ पेन्शन मात्र चालू राहते. लोकांची गल्लत इथेच होते. पेन्शन थांबत नाही, पेन्शनवरची महागाई थांबते. दाखल्यात 'पुनर्नियुक्त आहात का' विचारतात ते त्यासाठीच. कुणी दुसऱ्या खात्यात रुजू होऊन दोन्हीकडून महागाई घेतली आणि ते पाच वर्षांनी उघडकीस आलं, की वसुली निघते. अशा वसुल्या मी स्वतः काढल्यात आणि समोरच्या माणसाचं रडणंही पाहिलंय. बहुतेकांनी लबाडी केलेली नसते. दाखल्यावर कुठे सही करतोय ते वाचलेलं नसतं, एवढंच.

दुसरं दार कंत्राटाचं. माझं ते. यात तुम्ही सरकारी नोकर होतच नाही, म्हणून ही पुनर्नियुक्ती धरत नाहीत. पेन्शन चालू, पेन्शनवरची महागाईसुद्धा चालू. म्हणून अ‍ॅपमध्ये 'नाही'. मानधन कसं ठरतं, तर अर्थ मंत्रालयाच्या 9 डिसेंबर 2020 च्या आदेशाप्रमाणे: निवृत्तीच्या वेळचं मूळ वेतन वजा मूळ पेन्शन. माझं 70,000 वजा 35,000, म्हणजे 35,000. ते कंत्राट संपेपर्यंत तेवढंच. वेतनवाढ नाही, महागाई भत्ता नाही, घरभाडं नाही. ठरीव वाहतूक भत्ता आणि पूर्ण केलेल्या महिन्याला दीड दिवस रजा. तीनशे दिवस साठवून विकलेल्या बाईला दीड दिवसाची रजा म्हणजे लग्नाच्या जेवणानंतरची बडीशेप.

वजाबाकी कुठल्या पेन्शनची होते ते बघा. मला हातात येणारी पेन्शन 21,000 अधिक महागाई. पण वजा होतात पूर्ण 35,000, कम्युटेशनच्या आधीचे. जे 14,000 मी आधीच विकून टाकलेत आणि जे पुढली चौदा-पंधरा वर्षं मला दिसणारही नाहीत, तेही माझ्या मिळकतीत धरून मानधनातून कमी केले जातात. हिशेब चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. एकरकमी पैसे घेतलेत तर ते मिळालेच की. मीच कित्येकांना हे ऐकवलंय. पण आपल्या नावाच्या आदेशावर ती ओळ आली तेव्हा दोन मिनिटं मी पेन हातात धरून बसले होते.

तर ऑक्टोबर 2024 पासून मी परत. मंडईचं मेट्रो स्टेशन नुकतंच सुरू झालं होतं, म्हणून माझी सोय झाली. मंडईला खाली उतरायचं, सिव्हिल कोर्टला गाडी बदलायची, तिथले सरकते जिने चढत चढत जमिनीखालून थेट पुलावर यायचं, पुणे स्टेशनला उतरून पुढे शेअर रिक्षा. पूर्वी ह्याच प्रवासाला पीएमपीच्या बसनं पाऊण तास आणि सगळी सहनशक्ती लागायची.

ऑफिसात माझं टेबल तेच होतं, खुर्ची मात्र नवीन आलेल्या साहेबांनी नेली होती. हजेरी आता बोटाने द्यायची नाही, साध्या रजिस्टरमध्ये, कारण मी 'बाहेरची'. जुन्या शिपायानं पहिल्या दिवशी चहा आणून ठेवला आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही गेलाच नव्हता असं समजू." मी म्हटलं, समज, पण पगारपत्रक तसं समजत नाही.

काम मात्र मला आवडतं, हे कबूल करते. पिवळ्या पडलेल्या सर्व्हिस बुकात 1991 सालची एक वेतनवाढ चुकीच्या तारखेला पडलेली सापडते, आणि ती दुरुस्त केली की एखाद्या ऐंशी वर्षांच्या बाईची कुटुंब निवृत्तिवेतनाची रक्कम वाढते. ती कोण, कुठली, मला माहीतही नसतं. तो आनंद भिशीत नाही.

आता त्या मुलाकडे परत येते. दाखल्याच्या रात्री तो जेवायला खालीच होता, मटकीची उसळ होती म्हणून. त्यानं विषय सोडला नव्हता. एमपीएससीबरोबर तो एसएससीची, म्हणजे कर्मचारी निवड आयोगाची, केंद्राची परीक्षाही देतो. त्या परीक्षेतून सहायक लेखाधिकारीही थेट भरले गेलेत, लेव्हल आठ, सुरुवातीचं मूळ वेतन 47,600.

"काकू, तुमच्याकडे त्या पदाच्या जागा रिकाम्या आहेत का?"

"आहेत की. म्हणून तर मला बोलावलं."

तो काही बोलला नाही. मग मी, शहाणी, त्याला समजवायला कागद घेऊन बसले. मी त्याची जागा अडवलेली नाही हे मला दाखवायचं होतं. मी मंजूर पदावर नाहीच, पद रिकामंच दाखवलं जातं, त्याची मागणी वर गेलेली आहे, वगैरे. आणि ओघात आकडे मांडले. नवा माणूस आला तर 47,600, त्यावर महागाई पन्नास टक्के धरली तर 71,400, पुण्याला तीस टक्के घरभाडं 14,280, झाले 85,680. वर सरकारला त्याच्या एनपीएसमध्ये, म्हणजे नव्या पेन्शन योजनेत, चौदा टक्के भरावे लागणार, म्हणजे जवळपास दहा हजार. मी 35,000 मध्ये.

त्यानं कागद स्वतःकडे ओढून बघितला. "म्हणजे काकू, तुम्ही स्वस्त पडता."

मी उसळ वाढायला उठले.

उद्धटपणानं नव्हता म्हणाला, हे सांगायला हवं. गणित बरोबर आलं की मुलं जशी मोठ्यानं उत्तर सांगतात तसं. पण मला आठवलं, आदल्याच वर्षी ह्या पेठेतून कंत्राटी भरतीच्या विरोधात मुलांचे घोळके घोषणा देत गेले होते, आणि गॅलरीतून बघताना मी ह्यांना म्हटलं होतं, पोरांचं बरोबर आहे. राज्य सरकारनं सप्टेंबर 2023 मध्ये काढलेला तो निर्णय ऑक्टोबरात मागे घेतला. त्याच वर्षी जिल्हा परिषदेच्या शाळांत निवृत्त शिक्षकांना वीस हजार मानधनावर सत्तर वर्षांपर्यंत घेण्याचं ठरलं, तेव्हा टीईटी पास झालेल्या आमच्या भाचीनं घर डोक्यावर घेतलं होतं. तेव्हाही मी तिच्या बाजूनं होते.

मी स्वस्त पडते, कारण माझा निम्मा पगार सरकार आधीच दुसऱ्या खिशातून देतंय. मी घरी बसले असते तरी ते 35,000 द्यावेच लागले असते. तो खर्च पेन्शनच्या खात्यात पडतो, ऑफिसच्या बजेटमध्ये दिसत नाही. म्हणून ऑफिसला मी फुकटासारखी वाटते आणि नव्या भरतीची निकड कुणाला जाणवत नाही. मी अडतीस वर्षं लेखा शाखेत होते आणि हे मला एका उसळीच्या जेवणात कळलं.

सगळ्यांचंच असं होतं असं नाही. आमच्या शेजारच्या वाड्याच्या जागी इमारत झाली, तिथे दुसऱ्या मजल्यावर एक सुभेदार राहतात. चव्वेचाळीसाव्या वर्षी फौजेतून निवृत्त, मग माजी सैनिकांच्या कोट्यातून केंद्राच्याच एका ऑफिसात लिपिक. त्यांना मी विचारलं, तुमची किती कापतात? ते म्हणाले, "काय कापायचंय? दोन्ही पूर्ण." आणि बरोबरच आहे. पंचावन्नच्या आत निवृत्त झालेला, अधिकारी हुद्द्याखालचा सैनिक असेल तर पगार ठरवताना त्याची सगळी पेन्शन दुर्लक्षित करतात. पगार स्केलच्या सुरुवातीला बांधलेला असेल तर महागाईही दोन्हीवर. शिवाय ते खऱ्याखुऱ्या पदावर आहेत, 2004 नंतर लागले म्हणून दुसऱ्या नोकरीला एनपीएस, सरकारचे चौदा टक्के, आणि साठीला दुसरा नारळ. चव्वेचाळीसाव्या वर्षी ज्याला घरी पाठवलं त्याची मुलं तेव्हा शाळेत असतात, त्यामुळे मला यात काही वावगं वाटत नाही. सुभेदारसाहेबांना मात्र वाटतं की मी उगाच कमी घेते. "ताई, तुम्ही नियम ओळखता आणि तरी हाफ रेटमध्ये?" असं दर रविवारी जिन्यात विचारतात.

एक चूक मात्र माझी स्वतःची, ती लिहून ठेवते म्हणजे दुसऱ्या कुणाची होणार नाही. माझ्या मानधनातून दहा टक्के टीडीएस कापला जायचा. मी समजले कर झाला. साठीनंतर आगाऊ कर भरावा लागत नाही हेही डोक्यात पक्कं. जुलैमध्ये रिटर्न भरताना सीएनं चष्मा वर केला. मानधन 'पगार' नसून 'व्यावसायिक शुल्क' म्हणून दाखवलं होतं, कलम 194 जे. आणि ज्येष्ठ नागरिकाला आगाऊ करातून सूट आहे ती धंदा-व्यवसायाचं उत्पन्न नसेल तरच. म्हणजे मी एकसष्टाव्या वर्षी, मला न कळता, व्यावसायिक झाले होते. पेन्शन, ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचं व्याज, हे मानधन, एप्रिल-मेचा पगार, सगळं मिळून थोडा कर राहिला आणि त्यावर आठ-नऊशे रुपये व्याज बसलं. रक्कम किरकोळ. पण लेखाधिकारी बाईनं दंडव्याज भरावं, यावर ह्यांनी सोसायटीच्या गणपतीत नक्कल करून दाखवली.

यंदा ऑक्टोबरमध्ये कंत्राट संपलं. आदेशाचा नवा मसुदा आला, एक वर्षाचा. मानधन तेच 35,000. पेन्शनवरची महागाई मधल्या काळात अठ्ठावन्न टक्क्यांवर गेली, म्हणजे तिचेच 20,300 झाले. पण मानधन हललं नाही, हलणारही नव्हतं. ऑगस्टमध्ये आमच्या शाखेत एक मुलगी रुजू झालीये, एसएससीतूनच, नगरची. हुशार आहे, पण सर्व्हिस बुक उघडताना पानं फाटतील अशी भीती तिला वाटते. मी साहेबांना म्हटलं, वर्षाचं नको, सहा महिन्यांचं करा. तिला एक मार्च एंड माझ्या शेजारी बसून बघू दे. त्यानंतर माझं कपाट तिचं. साहेब म्हणाले, "मॅडम, पुढच्या जागा अजून रिकाम्याच आहेत." मी म्हटलं, मग रिकाम्याच दिसू द्या.

घरी सांगितलं तेव्हा त्या मुलानं फक्त "बरं" म्हटलं आणि ताटलीतली शेवटची भाकरी घेतली. त्याचा निकाल यायचाय. यंदाच्या नोव्हेंबरचा दाखलाही त्यानंच करून दिला. पुनर्नियुक्तीच्या प्रश्नाला न विचारता 'नाही' टाकलं, आणि दुसऱ्या प्रश्नाला ह्यांच्याकडे बघून, "काका, अजून काही बदल?"

"चौकशी चालू आहे," हे म्हणाले.

15 डिसेंबरच्या आत आगाऊ कराचा हप्ता भरायचाय. चलन काढायला बसले होते, तर लॉगिनचा पासवर्ड आठवत नाही. तो कागदावर लिहून भिंतीच्या कपाटात ठेवलाय एवढं नक्की, कुठल्या कप्प्यात ते शोधतेय.